एकविसावा दिवस, चौथी भेट

सकाळी 6.30
सीबीडी बेलापूर. पारसिक डोंगराच्या पायथ्याची वस्ती. नळाला पाणी आलंय. आशाताई, वस्तीची आरोग्य स्वयंसेविका, हंडे भरते, भाकऱ्या थापते, मुलांचे डबे बांधते. मग स्वतःची पिशवी भरते. झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, सेकंद दाखवणारं घड्याळ, नोंदवही, दोन पेनं.

सकाळी 9.45
पायऱ्यांचा चढ. पहिलं घर. बाळ आज एकवीस दिवसांचं झालं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशानं सहा वेळा जायचं असतं. 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. सहाही भेटी झाल्या की 250 रुपये. भेटीमागे चाळीस-बेचाळीस.

ताई साबणानं हात धुते. मिनिटभर श्वास मोजते, ताप बघते, बाळाला झोळीत घालून वजन घेते. शेवटी टोपरं काढते. आजी ते सहसा काढू देत नाही. उजव्या कानाच्या जागी शेंगदाण्याएवढी गाठ. भोक नाही. डॉक्टर याला मायक्रोशिया म्हणतात.

सकाळी 10.10
"ग्रहणात हिनं विळी धरली होती," आजी सुनेकडे न बघता सांगते.

"आजी, कान घडायला लागतो दुसऱ्या महिन्यात. तेव्हा बाईला दिवस गेलेत हेही नीट कळलेलं नसतं. ग्रहणाचा संबंध नाही. हिचा दोष नाही, तुमच्या मुलाचाही नाही."

"पण थाळी वाजवली की दचकतो. मग कशाला तपासायचं?"

"डावा कान उघडा आहे, त्यानं ऐकत असेल. थाळीचा हादरा अंगालाही लागतो. नक्की काय ते मशीन सांगेल."

सून पहिल्यांदाच वर बघते. "आणि हा कान?"

ताई सावकाश सांगते. बाहेरचा रस्ता बंद असला तरी आतला कान बहुतेकदा चांगला असतो. डोक्याला मऊ पट्टा बांधून त्यावर यंत्र बसवतात. ते हाडातून आवाज आत पोचवतं. कानाचा आकार बरगडीच्या कूर्चेपासून करता येतो, पण ते बहुधा मूल सहा वर्षांचं झाल्यावर. ऐकण्याची तपासणी मात्र आत्ताच.

सकाळी 11.40
दुसरं घर. नऊ महिन्यांची मुलगी. ही भेट 50 रुपयांची. दोन्ही कान सुबक, सोन्याच्या बाळ्या घातलेल्या. ताई मागच्या बाजूला बसून हाक मारते. मुलगी वळत नाही. पुन्हा मारते. नाही. 'बाबा', 'दादा' असे आवाजही अजून नाहीत.

"आमच्याकडे पोरं उशिराच बोलतात," आई म्हणते.

वाकडा कान सगळ्यांना दिसतो. इथं दिसण्यासारखं काहीच नाही, म्हणून ताईला या घराची काळजी जास्त वाटते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभरचा दंडक आहे. या मुलीचे नऊ गेले. ताई रागावत नाही. चिठ्ठी लिहिते, दिवस ठरवते, आईकडून तो पुन्हा म्हणवून घेते.

दुपारी 1.30
नागरी आरोग्य केंद्र. सिस्टर नोंदी तपासतात, सही करतात. सहीशिवाय पैसे निघत नाहीत. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण धरलेलं आहे. सहा आठवड्यांपर्यंतच्या बाळांत घरी जाऊन जन्मजात व्यंग हेरणं, हे आशाचंच काम. भाकरी ती नोंदवही उघडी ठेवूनच खाते.

दुपारी 4.00
बाळाच्या बापाला फोन. तो तुर्भ्याच्या बाजारात गोणी उचलतो. उद्या वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत बाळाची तपासणी आहे. 1983 पासून ही केंद्र सरकारची संस्था याच कामाला वाहिलेली आहे.

"खाडा पडेल, ताई."

"तू नको येऊस. बायकोला पाठव, सोबत कुणीतरी दे." मग रस्ता सांगते. बेलापूरहून हार्बर, वडाळा रोडला गाडी बदलायची, वांद्र्याला उतरून पश्चिमेला रिक्षा. मीटर 26 रुपयांपासून. डबा घरून न्यायचा, दिवस जाईल.

"आणि बाळाला वाटेत झोपू देऊ नका. बेरा चाचणी झोपेतच होते. कपाळाला, कानामागे वायरी चिकटवतात, दुखत नाही. तिथं गेल्यावर पाजायचं, मग झोपवायचं."

संध्याकाळी 6.45
चुलीवर भात. एका हातानं नोंदवही. आज चार घरं. पुढं वाशीत महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचं. मुलीच्या नावापुढे ताई तेही लिहून ठेवते.

फोन वाजतो. आजीचा.

"उद्या मीच जाते सुनेबरोबर. ती एकटी त्याला गाडीत जागं कसं ठेवणार?"