दातेरी चाकांचं पंचांग

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात शिरलं की पावलं आपोआप सोन्याकडे वळतात. १८७६ मध्ये उत्खनन करणाऱ्या श्लीमाननं मायसीनीच्या थडग्यांतून काढलेला सुवर्णमुखवटा तिथे आहे आणि त्याच्याभोवती कायम गर्दी असते. मैत्रीण आणि मीही आधी तिकडेच गेलो. मग समुद्रातून निघालेला, दोन्ही हात फैलावून उभा असलेला काशाचा देव पाहिला. माणसापेक्षा उंच असलेला हा देव झ्यूस की पोसायडन, याचा वाद अजून मिटलेला नाही. जर्मन फौजा येणार हे दिसू लागल्यावर, १९४०-४१ च्या हिवाळ्यात, इथल्या लोकांनी दालनांच्या जमिनी खणून त्यांत पुतळे पुरून ठेवले होते. हे कळलं की पायाखालच्या फरशीकडे दोन मिनिटं नुसतं बघत राहावंसं वाटतं.

पण या अख्ख्या इमारतीतली सर्वांत थक्क करणारी वस्तू दिसायला अगदी कुरूप आहे. काचेआड ठेवलेले हिरवट-तपकिरी, गंजून फुगलेले काही तुकडे. सर्वांत मोठा तुकडा जेमतेम वीतभर. कुणाला ते समुद्रतळाचे खडे वाटतील. “अगं, वाक जरा, जवळून बघ,” मैत्रीण म्हणाली. वाकून पाहिलं आणि त्या खड्यात एक चाक दिसलं! चार आरे असलेलं, तेरा-चौदा सेंटिमीटर व्यासाचं चाक. त्याच्या कडेला बारीक त्रिकोणी दाते, एकापासून दुसरा दोन मिलिमीटरांच्याही आत. हे दाते कुणीतरी हातानं कापलेत, आणि तेही सुमारे दोन हजार शंभर वर्षांपूर्वी.

हे अँटिकिथेराचं यंत्र. १९०० साली सिमी बेटाचे स्पंज काढणारे पाणबुडे वादळामुळे अँटिकिथेरा नावाच्या चिमुकल्या बेटाच्या आडोशाला थांबले होते. थांबलोच आहोत तर इथेही बुडी मारून पाहू, असं ठरलं. एलियास स्टाडियाटिस खाली गेला आणि घाबराघुबरा होऊन वर आला. तळाशी माणसांची आणि घोड्यांची प्रेतं पडलीत, असं तो म्हणाला म्हणतात. ते होते पुतळे! एक रोमनकालीन जहाज मौल्यवान मालासकट तिथे बुडालं होतं. पुढच्या वर्षभरात ग्रीक नौदलाच्या मदतीनं माल वर काढला गेला. इतक्या खोल पाण्यात वारंवार उतरण्याची किंमत मोठी होती. एक पाणबुड्या दगावला, दोघे कायमचे पंगू झाले.

त्या जहाजातला एक संगमरवरी मुलगा पाहण्यासारखा आहे. त्याच्या शरीराचा जो भाग वाळूत रुतून राहिला तो कालच घडवल्यासारखा गुळगुळीत आहे. जो पाण्यात उघडा राहिला तो समुद्री जीवांनी पोखरून पार खडबडीत केलाय. अशा पुतळ्यांपुढे काशाच्या एका गोळ्याकडे कोण बघणार? तो गोळा महिनोन्महिने संग्रहालयात पडून होता. वाळता वाळता तो फुटला आणि १९०२ मध्ये पुरातत्त्वज्ञ व्हालेरिओस स्टाइस यांना आतलं दातेरी चाक दिसलं.

आत नेमकं काय आहे हे कळायला मात्र जवळजवळ शतक गेलं. विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस यांनी १९७० च्या दशकात क्ष-किरण चित्रांवरून चाकांचे दाते मोजायचा चिकाटीनं प्रयत्न केला. त्यानंतर मायकल राइट यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं याच तुकड्यांना दिली. २००५ मध्ये तर कित्येक टन वजनाचं स्कॅनिंग यंत्रच संग्रहालयात आणावं लागलं, कारण हे नाजूक तुकडे बाहेर नेणं शक्य नव्हतं. पावसात भिजून पानं एकमेकांना चिकटलेली वही न उघडता पान-पान वाचावी, तसे गंजाचे थर त्या स्कॅनरनं वाचले. तीस चाकं दिसली. आतल्या पत्र्यांवर ग्रीक अक्षरं निघाली, काही तर दोन मिलिमीटरांपेक्षाही लहान. यंत्र कसं वापरायचं याची माहितीच यंत्रावर कोरलेली होती!

हे यंत्र करायचं काय? साधारण बुटाच्या खोक्याएवढ्या लाकडी पेटीत ते बसवलेलं होतं. बाजूची मूठ फिरवली की समोरच्या तबकडीवर सूर्य आणि चंद्र राशींमधून सरकायचे. अर्धा उजळ, अर्धा काळा असा एक छोटासा गोळा फिरून चंद्राची कला दाखवायचा. मागच्या बाजूला दोन मोठ्या सर्पिल तबकड्या होत्या. वरच्या तबकडीवर घरं होती २३५.

२३५ कशाला? इथे मैत्रिणीनं पर्समधून पेन काढलं आणि प्रवेशतिकिटाच्या मागे आकडे मांडले. सौर वर्ष साधारण ३६५ दिवसांचं, बारा चांद्रमास ३५४ दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. ती भरून काढायला आपण अधिक महिना घालतो. १९ वर्षांचे बारा-बारा महिने धरले तर २२८ होतात. त्यांत अधिक महिने सात घातले, की २३५! एवढ्या महिन्यांत सूर्य आणि चंद्राचा हिशेब जवळजवळ पुरता मिटतो. म्हणून तर आपला तिथीनं येणारा वाढदिवस आणि तारखेनं येणारा वाढदिवस एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या वर्षी एकमेकांना येऊन भेटतात. “२०२३ मध्ये अधिक श्रावण होता ना? आईनं जावयाला अनारसे केले होते,” मैत्रीण म्हणाली. होता, आणि २००४ मध्येही अधिक श्रावणच होता, दोन्ही वेळा जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. बॅबिलोनच्या लोकांनाही हे चक्र ठाऊक होतं. ग्रीकांमध्ये ते मेटनच्या नावानं ओळखलं जातं, आणि हा मेटन याच अथेन्सचा, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. हे चक्र चाकांत बसवायचं कसं? १९ वर्षांत सूर्य नक्षत्रांमधून १९ फेऱ्या मारतो, चंद्र २५४. म्हणजे सूर्याचं चाक १९ वेळा फिरलं की चंद्राचा काटा २५४ वेळा फिरला पाहिजे. २५४ चं निम्मं १२७, आणि १२७ ही मूळ संख्या. तिचे आणखी तुकडे पडत नाहीत. तेव्हा करायचं काय? सरळ १२७ दात्यांचं चाक कापायचं! वर्तुळाचे १२७ सारखे भाग कंपास आणि कानशीच्या भरवशावर करून बघा, म्हणजे हा कारागीर कोण असेल याची कल्पना येईल. ते चाक तिथे आहे. ६४, ३८, ४८, २४, १२७, ३२ अशा दात्यांची चाकं एकमेकांत गुंतवून त्यानं १९ ला २५४ हे प्रमाण तंतोतंत साधलंय. आकाशातला आकडा दात्यांच्या रूपानं धातूत उतरला, की मूठ फिरवणाऱ्याला गणित येण्याची गरजच उरत नाही.

खालची तबकडी ग्रहणांची. अमावास्येला चंद्र राहू किंवा केतूपाशी, म्हणजे त्याचा मार्ग सूर्याच्या मार्गाला छेदतो त्या बिंदूपाशी असला, तर सूर्यग्रहण. पौर्णिमेला तिथे असला तर चंद्रग्रहण. २२३ चांद्रमासांनी सूर्य, चंद्र आणि राहू-केतू जवळजवळ पुन्हा त्याच मांडणीत येतात आणि तसंच ग्रहण पुन्हा होतं. म्हणून या तबकडीवर घरं २२३. ज्या महिन्यात ग्रहण संभवतं त्या घरात खूण, आणि सोबत वेळ.

पण २२३ महिने म्हणजे १८ वर्षं, ११ दिवस आणि वर साधारण ८ तास. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरून जाते, त्यामुळे पुढचं ग्रहण दुसऱ्याच खंडात दिसतं. यंत्र बनवणाऱ्यानं हेही सोडलेलं नाही. आत आणखी एक चिमुकली तबकडी आहे, तिचे तीन भाग. एक कोरा, दुसऱ्यावर ८, तिसऱ्यावर १६. एवढे तास मिळवा, असं सांगणारी!

आपल्याच ग्रहणावर हे तपासून बघा. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण पन्नाशी-साठीच्या वाचकांना आठवत असेल. कारवारपासून पुढे कर्नाटक-आंध्रातून ते खग्रास दिसलं, आपल्याकडे रस्ते ओस पडले होते. त्याच मालिकेतलं पुढचं ग्रहण फेब्रुवारी १९९८ मध्ये कॅरिबियन समुद्राकडे झालं, त्यापुढचं मार्च २०१६ मध्ये इंडोनेशियात. तीन फेऱ्यांनी आठ-आठ तासांचा मिळून पूर्ण दिवस होतो, आणि २० मार्च २०३४ ला ते पुन्हा आपल्या बाजूला येईल. तेव्हा लडाखच्या भागात खग्रास सावली पडणार आहे.

एवढं झाल्यावर वाटतं, आता आणखी काय असणार? आहे. चंद्र एकसारख्या गतीनं चालत नाही. पृथ्वीजवळ आला की भरभर सरकतो, लांब गेला की रेंगाळतो. पंचांगात एखाद्या तिथीचा क्षय होतो, एखादी दोन दिवस राहते, त्याचं मुख्य कारण हेच. पण चाक तर एकसारखंच फिरणार. त्याला चंद्राची चाल शिकवायची कशी? त्या कारागिरानं पन्नास-पन्नास दात्यांची दोन चाकं एकावर एक ठेवली आणि त्यांचे आस एकमेकांपासून मिलिमीटरभर सरकवले. खालच्या चाकावर एक खुंटी, वरच्या चाकात एक लांबट खाच. खालचं चाक एकसारखं फिरतं, खुंटी खाचेत मागेपुढे घसरते आणि वरचं चाक कधी किंचित पुढे पळतं, कधी किंचित मागे राहतं. अगदी चंद्रासारखं! चंद्र सर्वांत जवळ येण्याची जागाही साधारण नऊ वर्षांत आकाशाची फेरी पूर्ण करते, म्हणून ही जोडी एका मोठ्या चाकावर बसवली, जे नऊ वर्षांत एकदा फिरतं. त्या मोठ्या चाकाला दाते किती? २२३. ग्रहणांच्या तबकडीला चालवणारं चाकच इथे दुसरं कामही करतंय. काचेपाशी उभं राहून मैत्रिणीला हे समजावताना माझा आवाज इतका चढला, की शेजारच्या खोलीतल्या पहारेकरीण बाई डोकावून गेल्या.

या दर्जाची दातेरी चाकं असलेली खगोलयंत्रं युरोपात यानंतर दिसतात ती थेट चौदाव्या शतकातल्या घड्याळांमध्ये. मग मधल्या काळात हे कौशल्य कुठे गेलं? इतकी सफाईदार वस्तू पहिल्याच फटक्यात बनत नाही. हिच्या आधी कितीतरी यंत्रं झाली असणार, असं मला ठामपणे वाटतं. रोमन लेखक सिसेरोनं तर आर्किमिडीजच्या अशाच एका खगोलयंत्राबद्दल लिहून ठेवलंय. पण कासं महाग. मोडलेली वस्तू वितळवून नवी करायची, हाच जमिनीवरचा रिवाज. हे एक यंत्र वाचलं ते केवळ बुडालं म्हणून.

आणि तेही सगळं हाती आलेलं नाही, मूळ यंत्राचा साधारण तिसरा हिस्साच सापडलाय. समोरच्या कोरीव लेखात ग्रहांची वर्णनं आहेत, शुक्रासाठी ४६२ आणि शनीसाठी ४४२ वर्षांची चक्रं दिलेली आहेत, पण ते ग्रह फिरवणारी चाकं जवळजवळ सगळीच बेपत्ता आहेत. २०२१ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ती कशी असावीत याचा एक अतिशय देखणा आराखडा मांडला. पाणबुडे अजून अँटिकिथेराच्या त्या तळाशी उतरतात. २०१६ मध्ये त्यांना तिथे जहाजावरच्या एका माणसाची हाडं मिळाली, २०१७ मध्ये काशाच्या पुतळ्याचा हात. गाळ उपसण्याचं काम अजून संपलेलं नाही.