डबा तसाच परत येतोय?

डबा न उघडता परत येतो, शर्टाचं बटण तुटलेलं असतं, रविवारी संध्याकाळी पोट दुखू लागतं. शाळेत त्याला कुणी त्रास देत असेल. मूल ‘काही नाही’ म्हणालं, तरी विषय सोडू नका. ‘तूही एक ठेवून दे’ हा सल्ला मात्र नको. मग मार खाणारं मूलच शाळेत मारकुटं ठरतं. आधी ऐकून घ्या. तारीख, जागा, कोण होतं, हे वहीत टिपून वर्गशिक्षकांना भेटा. आपलंच मूल हात उगारत असेल, तर त्याला घरी झोडपू नका. त्यालाही कुणीतरी छळत असेल! चाइल्डलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ या हेल्पलाइन मोफत, चोवीस तास सुरू असतात. १०९८ वर मूल स्वतःही फोन करू शकतं.