'उषःकाल होता होता' : खुशालीची बातमी कोण देतं?

सुरेश भटांचं 'उषःकाल होता होता' आपण स्वातंत्र्याच्या भ्रमनिरासाचं गाणं म्हणून ऐकतो. ते आहेच. पण त्यातली एक जागा मला जास्त बोचरी वाटते. घाव तेच, कट्यारी मात्र नव्या. आणि ज्यांच्या अंगावर हे घाव, ते लोक काय करतात? आपण खुशाल असल्याचं ऐकत बसतात. सांगत नाहीत, ऐकतात! म्हणजे जखम आमची आणि तिची बातमी देणारा दुसराच. आवाज हरवतो तो इथे. तोंड दाबावं लागत नाही, आपल्या वतीने कुणी 'सगळं ठीक' म्हणत राहिलं की पुरतं.

बातमी देणारा म्हटलं की मला वर्तमानपत्र आठवतं. कुणी म्हणेल, गाण्यात वर्तमानपत्राचा उल्लेखसुद्धा नाही, हा अर्थ ओढूनताणून आणलेला. उल्लेख नाही, कबूल. पण हे गाणं जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मध्ये (1979) आलं आणि त्या चित्रपटाच्या मध्यभागी पत्रकारच आहे. निळू फुल्यांच्या दिगू टिपणीसला सत्तेचे सगळे डावपेच ठाऊक असतात, तरी शेवटी वेड्यासारखं हसण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार : आशा भोसलेंचा आवाज आणि हृदयनाथांची चाल यांत खुद्द कवीचाच आवाज हरवला. नागपुरात रेशीमबागेतल्या सभागृहावर भटांचं नाव आहे, तरी गाणं 'आशाबाईंचं' म्हणूनच लागतं. पण त्या चालीवाचून ते घरोघरी पोचलंही नसतं.

'खुशाली'चा तुम्ही लावलेला अर्थ वेगळा असेल तर कमेंटमध्ये लिहा.