स्थौल्य, चढ आणि थकवा

रत्नागिरीसारख्या चढउतारांच्या, उष्ण व दमट शहरात ‘अशक्तपणा वाटतो’ असे सांगणाऱ्या स्थूल रुग्णास बल्य औषध देण्यापूर्वी वैद्यांनी थांबून विचार करावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २१व्या अध्यायात, अतिस्थौल्याचे ८ दोष वर्णिले आहेत. जवोपरोध, दौर्बल्य, स्वेदाबाध व अतिपिपासा हे त्यांपैकीच होत.

यामागील गणित सोपे आहे. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरल्यास ५० मीटर उंची चढण्यास ६० किलो वजनाच्या व्यक्तीस सुमारे २८, तर ९० किलोच्या व्यक्तीस सुमारे ४२ किलोकॅलरी लागतात. त्यांपैकी तीन-चतुर्थांश ऊर्जेची उष्णता होते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. उष्णता शरीरात साचते व थकवा वाढतो.

अशा वेळी तूप-साखरयुक्त अवलेह मेदोवृद्धीच करतात, हे औषधविक्रेत्यांनीही ध्यानी घ्यावे. गुरु परंतु अपतर्पण आहार, सकाळी अर्धशक्ती व्यायाम, ग्रीष्मात त्याहूनही अल्प, आणि पुरेसे पाणी हा उपक्रम हितकर ठरतो. मात्र हिमोग्लोबिन, रक्तशर्करा, थायरॉइड व हृदय यांची तपासणी केल्यावाचून थकव्याचे खापर मेदावर फोडू नये. चढताना छातीत दुखत असल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.