शितावरून रानाची परीक्षा

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, पावडर रिव्हरच्या खोऱ्यात, ऐन उन्हाळ्यात माळावर 50 मीटरची टेप ताणलेली दिसते. टेपच्या कडेने एक वनस्पतिअभ्यासक पुढे सरकतो. दर मीटरला थांबायचं, लेझरचा ठिपका सरळ खाली सोडायचा आणि तो कशावर पडला तेवढंच लिहायचं. गवत असेल तर कोणतं, नाहीतर सेजब्रशचं झुडूप, वाळका पाला, दगड किंवा उघडी माती. या साध्या नोंदींवर खाणकंपनीची लाखो डॉलरची हमी अवलंबून असते. कारण आज जिथे गवत डोलतंय, तिथे काही वर्षांपूर्वी भलामोठा खड्डा होता आणि त्याच्या तळाशी कोळसा काढणारी यंत्रं राबत होती.

3 ऑगस्ट 1977 रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी उघड्या कोळसा खाणींबाबतच्या कायद्यावर सही केली. त्यानुसार कंपनीने खोदण्याआधीच बाँड, म्हणजे ही हमी, भरायचा. वरची सुपीक माती वेगळी काढून जपायची, कोळसा निघाला की खड्डा भरून उतार साधारण पूर्वीसारखे करायचे, माती परत पसरायची आणि बी पेरायचं. मला या कायद्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो यानंतरचा. वर्षाला 26 इंचांहून, म्हणजे सुमारे 660 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या भागात किमान 5 वर्षं आणि त्याहून कोरड्या भागात किमान 10 वर्षं थांबायचं. या काळात जादा बी, खत किंवा पाणी देऊन रोपांना आधार दिला, तर मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. रान स्वतःच्या पायावर उभं राहतं की नाही, हे पाहायचं असतं. वायोमिंगचा हा भाग कोरडा, म्हणून तिथे 10 वर्षं.

मुदत सरली की प्रश्न येतो: शेकडो एकरांवरचं गवत मोजायचं कसं? शितावरून भाताची परीक्षा करावी, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण भात एकाच आधणात, एकाच वाफेवर शिजतो. रानाचं तसं नसतं. उताराच्या वरच्या अंगाला माती पातळ, घळीत ओल, एका बाजूला वाऱ्याने साठवलेला बर्फ. मग किती शितं दाबून पाहायची?

संख्याशास्त्राचं उत्तर ऐकून थक्क व्हायला होतं. किती नमुने लागतील हे जमीन किती मोठी आहे यावर जवळजवळ ठरतच नाही. ती किती असमान आहे यावर ठरतं. समजा, वनस्पतींनी सरासरी निम्मी, म्हणजे 50 टक्के जमीन झाकली आहे आणि आपली सरासरी खऱ्यापेक्षा एक दशांशाहून जास्त फुगलेली नाही, एवढी 90 टक्के खात्री आपल्याला हवी आहे. नमुन्यांमधला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, 10 असेल तर सुमारे 7 नमुने पुरतात. चढउतार दुप्पट झाला की 27 लागतात, जवळजवळ चौपट. शंभर एकर असोत की हजार, हिशेब हाच. आधी थोडे नमुने घ्यायचे, त्यांच्यातला फरक पाहायचा आणि अजून किती हवेत हे त्या रानालाच विचारायचं.

अट एकच: जागा यदृच्छेने निवडायची. डोळे मिटून खांद्यावरून मोजणीची चौकट फेकली तरी ती खरी यदृच्छा नव्हे, कारण फेकणारा उभा कुठे आहे हे त्यानेच ठरवलेलं असतं. म्हणून आकड्यांच्या सोडतीतून निघालेल्या बिंदूवर जायचं आणि तिथे नुसता मुरूम असला तरी पाऊलभरही सरकायचं नाही. माणसाची नजर हिरव्याकडे ओढली जाते. नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स या वनस्पतिअभ्यासकांना हेच उमगलं. नजरेने बांधलेले अंदाज प्रत्यक्ष मोजल्यावर सपशेल चुकीचे निघाले, आणि 1898 मध्ये त्यांनी चौकट आखून एकेक रोप मोजण्याची पद्धत मांडली. हेच पाउंड पुढे हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे डीन झाले. रोपं मोजायला शिकवणारा माणूस कायदेपंडित व्हावा आणि पुढे कायद्यालाच रोपं मोजायची गरज पडावी, या योगायोगाचं मला फार अप्रूप वाटतं.

मोजलेला आकडा ताडून पाहायचा कशाशी? अनेकदा शेजारीच, कधीही न खणलेला माळाचा तुकडा राखून ठेवलेला असतो. दुष्काळ पडला तर दोन्हीकडे पडतो, म्हणून तुलना न्याय्य राहते. नव्या रानाचं आच्छादन ठरलेल्या मानकाच्या किमान 90 टक्के भरावं लागतं, तेही एका चांगल्या वर्षात नव्हे, किमान दोन वर्षांच्या हंगामात. चौकटीतलं गवत कापून, वाळवून, वजन करून चारा किती निघतो हेही पाहतात.

नुसतं हिरवं असून भागत नाही. चीटग्रास नावाचं परकं गवत वसंतात माळ हिरवागार करतं, पण लवकर वाळून वणव्याला सरपण पुरवतं. म्हणून कोणत्या जाती आल्या हे पाहावं लागतं. सेजब्रश तर फार सावकाश वाढतं, आणि सेज ग्राउस हा पक्षी हिवाळाभर जवळजवळ त्याच्याच पानांवर जगतो. त्यामुळे वायोमिंगच्या नियमात झुडपांचंही माप आहे: जमिनीच्या 20 टक्के भागावर दर चौरस मीटरला सरासरी एक झुडूप.

हे सारं आपल्यालाही जवळचं आहे. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या वाटेवर ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांचे, डोंगर कुणालाही दिसतात. 8 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवावं अशी अट खाणपट्ट्यांना घालण्याचा आदेश दिला. चारा आणि वन्यजीवांना योग्य अशी ती जमीन व्हावी, असं त्यात म्हटलं आहे. आदेश झाला, आता मोजणी तितक्याच कसोशीने व्हायला हवी. यापुढे खाणीच्या जमिनीवर इतकी लाख रोपं लावली असं वाचाल, तेव्हा तीन गोष्टी जरूर विचारा: किती वर्षांनी मोजलं, मोजायच्या जागा कुणी निवडल्या आणि तुलना कोणत्या रानाशी केली?