टाके नाहीत म्हणून किरकोळ समजू नका! सुईच्या उपचाराआधी 'या' गोष्टी डॉक्टरांना सांगाच

"पोट फाडायचं नाही, टाके नाहीत, फक्त सुई टोचायची," असं डॉक्टर म्हणाले की घरचे निर्धास्त होतात. जुने रिपोर्ट घरीच राहतात. कोणत्या गोळ्या सुरू आहेत, हे सोबत आलेल्याला सांगता येत नाही. मग तालुक्याहून जिल्ह्याला गेलेल्या पेशंटला पुढची तारीख घेऊन परत यावं लागतं. गोळ्यांची माहिती लपली, तर जिवावरही बेतू शकतं.

नेमकं काय करतात?

सोनोग्राफी, सिटी स्कॅन किंवा एक्स-रेच्या पडद्यावर आतला भाग बघत डॉक्टर बारीक सुई किंवा नळी दुखण्याच्या जागेपर्यंत नेतात. छिद्र काही मिलिमीटरचं असतं. बहुतेक वेळा तेवढीच जागा बधिर करतात, पेशंट जागा असतो.

१९६४ मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका आजींच्या पायाची अरुंद झालेली रक्तवाहिनी नळी घालून मोकळी केली. आजींनी पाय कापायला नकार दिला होता, त्यांचा पाय वाचला. हीच पहिली अँजिओप्लास्टी. आज लिव्हरमधला पू काढणं, किडनीत तुंबलेल्या लघवीला वाट करून देणं, गाठीचा तुकडा तपासायला घेणं, गर्भपिशवीतल्या फायब्रॉइडच्या गाठींचा रक्तपुरवठा बंद करणं, अशी कामंही या पद्धतीने होतात.

धोका कुठे आहे?

छिद्र लहान असलं तरी सुई आत खोल जाते. आत रक्तस्राव झाला तर तो बाहेरून दिसत नाही. म्हणून आधी रक्त गोठण्याची, प्लेटलेटची आणि गरजेनुसार किडनीची तपासणी करतात.

जाण्याआधी हे सांगा

• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू आहेत का? पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट बसवलेल्यांनी तर अजिबात नाही. गोळी बंद केल्याने स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.
• शुगर किंवा किडनीचा त्रास आहे का? नसेतून देतात ते रंगाचं औषध कमजोर किडनीला त्रास देऊ शकतं. शुगरची गोळी कधी थांबवायची, हेही विचारा.
• पूर्वी एखाद्या औषधाची किंवा इंजेक्शनची ॲलर्जी आली होती का?
• दिवस गेले असण्याची शक्यता आहे का? सिटी स्कॅन आणि एक्स-रेचे किरण बाळाला अपायकारक ठरू शकतात.

उपाशी किती तास राहायचं, ते विचारून घ्या. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट पिशवीत टाकूनच निघा.

"सुई लावली की गाठ पसरते" ही भीती अनेकांना असते. प्रत्यक्षात असं होण्याची शक्यता फार कमी असते. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही आणि असल्यास कोणता, हे बहुतेक वेळा कळत नाही. भीतीपोटी गेलेले महिने जास्त महागात पडतात.

घरी आल्यावर

जांघेतून नळी घातली असेल तर काही तास पाय सरळ ठेवून झोपावं लागतं. त्यानंतर काही दिवस जड उचलणं, शेतातलं कष्टाचं काम आणि खड्ड्यातून मोटारसायकलवर जाणं टाळा. छिद्रातून रक्त येऊ लागलं तर पेशंटला आडवं करून ती जागा घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. थंडी-ताप, पोटात वाढत जाणारं दुखणं, चक्कर, पाय गार किंवा काळा-निळा पडणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. नळी आणि पिशवी लावून घरी पाठवलं असेल, तर ती कधी बदलायची किंवा काढायची, ती तारीख लिहून घ्या.

खर्चाचं काय?

काही उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. आपला उपचार त्यात आहे का, हे भरती होण्याआधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

हा उपचार प्रत्येकालाच चालतो असं नाही. म्हणून संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी तीन प्रश्न विचारा: हाच उपचार का? दुसरा पर्याय कोणता? आणि काही बिघडलं तर रात्री फोन कुणाला करायचा?