कुरणशाळेपासून पवनाकाठापर्यंत

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती. मग बालवाडीच पाड्यावर गेली आणि झोपडीपुढच्या सारवलेल्या अंगणात भरू लागली. थोडी मोठी मुलं दिवसभर गुरांमागे असायची. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. कुरणशाळा निघाली ती अशी. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून मोजायला खडे, बिया, शिंपले आले. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाड्या देशभर झाल्या. अंगण मात्र सुटलं, वर्ग खोल्यांत शिरले. या सगळ्या प्रवासातलं हे मला सर्वांत मोठं नुकसान वाटतं.

पुढे शाळांत परिसर अभ्यास हा विषय आला, पण परिसर बहुतेक पुस्तकातच राहिला. बाहेर पडायचं ते वर्षातून एकदा, सहलीला. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा गावोगावचे शिक्षक पुन्हा पारावर, देवळाच्या ओसरीवर मुलं घेऊन बसले. सोलापूरच्या नीलमनगरात तर घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सुचवले, आणि २०२४ मध्ये राज्यातल्या शाळांत उपक्रमांसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. वर्गाबाहेर पडायची परवानगी आता आहे.

पिंपळे गुरवसारख्या ठिकाणी तिचा उपयोग काय करायचा? इथली बरीच मुलं कारखान्यांतल्या नोकरीसाठी आलेल्या घरांतली. गाव सुट्टीपुरतं, अंगण नाही. पण पवना नदी आहे. रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवड शहर तिचं पाणी पिण्यासाठी उचलतं, आणि तिथून खाली याच शहराचं सांडपाणी तिच्यात मिसळतं. पिंपळे गुरव त्या खालच्या अंगाला आहे. पाचवीच्या मुलाने काठावर उभं राहून पाण्याचा रंग आणि वास वहीत लिहिला, जुलैत मावळात पाऊस झाल्यावर पाणी किती चढलं याची खूण दर आठवड्याला तपासली, तर भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र एकाच तासात होतं.

इथल्या उद्यानातले डायनासोरचे पुतळे मुलांना फार आवडतात. तिथून त्यांना नदीवर नेऊन पात्रातला काळा दगड दाखवावा. हा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि डायनासोर नाहीसे झाले तेही साधारण त्याच काळात. दोन्हींचा संबंध किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. हा वाद मुलांपुढे खुला ठेवावा. ठरलेलं उत्तर नसलेला प्रश्न त्यांना वर्गात क्वचितच मिळतो.

अडचणी खऱ्या आहेत. नदीकाठ घाण आहे, रस्त्यावर वाहनं आहेत, अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, आणि काही झालं तर जबाबदारी शिक्षकावर येते. म्हणून मुख्याध्यापकांना विनंती, की आठवड्यातला एक तास वेळापत्रकातच बाहेरचा म्हणून लिहा आणि त्याची जबाबदारी शाळेने घ्यावी. आणि पालकांनो, संमतीच्या चिठ्ठीवर सही करून थांबू नका, पाळी लावून सोबत चला. चाळीस मुलं एकट्या शिक्षकाला नदीवर नेता येत नाहीत.